शेलकुंडच्या बारवेचं लाल पाणी

फार फार वर्षं झाली. तालुक्याला अजून पक्की सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शेलकुंड गावात दाजिबा नावाचा एक माणूस होता. त्याचे आईबाप पटकीनं गेले आणि थोरल्या बहिणीनं, गोदाक्कानं, त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो जिल्ह्याला गेला, आरोग्य खात्याची परीक्षा पास झाला आणि सनद घेऊन गावी आला. विहिरी, गटारं, खानावळी, जत्रेतली दुकानं तपासायची आणि जिथं घाण दिसेल तिथं बंदी घालायची, हे त्याचं काम.

सनद हातात घेताना त्यानं शपथ घेतली होती. जे पाहीन तेच सांगेन. जे मला कळत नाही ते कळतं म्हणणार नाही. ज्याचं घर तपासेन त्याच्याकडं घोटभर पाणीही पिणार नाही. आणि आपला-परका करणार नाही. शपथ सगळेच घेतात, दाजिबानं ती पाळली. भर उन्हात तो स्वतःचा तांब्या घेऊन फिरायचा. हलवायानं पेढा पुढं केला की हसून हात जोडायचा. त्याला पाण्यातलं विष नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, असं म्हणतात. तो गावात आहे हे कळलं की पटकीची देवी मरीआई वेशीवरूनच आपला गाडा वळवायची, असंही म्हणतात.

पण एका वर्षी गाडा वळला नाही. ग्रामदेवी जाखाईची जत्रा तोंडावर आली आणि गावात जुलाब-वांत्या सुरू झाल्या. आधी कुंभारआळीतली म्हातारी गेली, मग एक बाळंतीण. सगळं गाव जाखाईच्या बारवेचं पाणी पीत होतं. दाजिबा पायऱ्या उतरून खाली गेला, पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं, हुंगलं, आणि वर येऊन बारवेच्या तोंडावर बाभळीच्या काट्या ओढल्या.

"या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. नदीचं आणा आणि उकळून प्या."

गाव खवळलं. राग निघाला तो मात्र वडारांवर. बारवेच्या वरच्या अंगाला त्यांची पालं पडली होती. पुलासाठी दगड फोडायला आलेली माणसं ती.

खंडेराव पाटील म्हणाले, "घाण त्यांचीच. दाजिबा, तू नुसतं हो म्हण. आत्ता पालं उठवतो."

"पाहिल्याशिवाय म्हणणार नाही, पाटील."

"अरे, तू सनदवाला. तू म्हणशील ते खरं."

"म्हणून तर म्हणणार नाही."

तिकडं वडारांचा म्होरक्या हणमंता बायकापोरांची बोचकी बांधून बसला होता. दाजिबानं रंगाऱ्याकडून लाल रंग आणला, वडारांनी शौचासाठी खणलेल्या चरात ओतला, वर घागरीवर घागरी पाणी सोडलं. सगळं गाव बारवेच्या पायऱ्यांवर, पाण्याकडं डोळे लावून बसलं. सूर्य मावळला, दुसरा दिवस उजाडला, तरी पाणी होतं तसंच.

मग दाजिबानं वरच्या अंगाची घरं धरली. रोज एका घराची मोरी, रोज तोच रंग. पाटलांचा वाडाही सुटला नाही. पाणी काही बदललं नाही. शेवटी एकच घर उरलं. गोदाक्काचं. तिच्या घरी नवा संडास बांधला होता, गावातला पहिलाच.

पाटील हळूच म्हणाले, "अक्काचं राहू दे. तिच्या घरचं आम्ही नाही विचारत."

जिनं घास भरवला, तिच्याच दारात दाजिबा रंगाची बादली घेऊन उभा राहिला. गोदाक्का ताकाचा पेला घेऊन बाहेर आली.

"नको, अक्का. आज तपासायला आलोय."

गोदाक्कानं पेला उंबऱ्यावर ठेवला. मग दारातून बाजूला झाली.

दुपार व्हायच्या आत बारवेचं पाणी लाल झालं. कुंकू सांडावं तसं लाल! अक्काच्या घरी रंग ओतलाय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. बायका ओरडल्या, एकीच्या अंगात आलं, आणि खुद्द पाटलांनी पायरीवर डोकं टेकलं. "देवी कोपली! आई, माफ कर!"

दाजिबा वरच्या पायरीवर उभा होता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पाणी कुणी प्यालं नसतं आणि बहिणीचं नावही झाकलं गेलं असतं. पण त्याचा आवाज असा निघाला की पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यांना ऐकू गेला, असं म्हणतात.

"देवी कोपलेली नाही! हा मी ओतलेला रंग आहे. माझ्या अक्काच्या संडासातून आलाय. खाली खडकाला चीर आहे. वडारांचा यात काडीचा दोष नाही."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गोदाक्का आली. तिच्या खांद्यावर पहार होती.

"मग बघत काय बसलात? चला, फोडू तो खड्डा."

सगळ्यात आधी हणमंता उठला. त्याच्यामागं सगळे वडार दगड फोडायच्या सुतक्या घेऊन उठले. त्यांनी खड्डा उकरला, खडक उघडा केला, चुन्यानं आणि शिशानं चीर बुजवली. घाव असे पडत होते की ठिणग्यांनी शेजारचा कडबा पेटला, असं म्हणतात. पाटलांसकट सगळं गाव रांग धरून बारव उपसायला लागलं. तळ खरवडला, चुना टाकला. आणि मग नवं पाणी चढलं ते इतकं नितळ, की तळाच्या कोनाड्यातल्या जाखाईची नथ वरच्या पायरीवरून दिसायची.

दाजिबानं पाणी पुन्हा तपासलं, काट्या स्वतःच्या हातानं दूर केल्या, आणि जत्रा भरली. त्या साली आसपासच्या गावांत पटकीनं माणसं पटापट गेली. शेलकुंडच्या जत्रेला लोटलेल्या गर्दीत एकालाही साधी उलटी झाली नाही. पालखीला पहिला खांदा पाटलांनी हणमंताला दिला, आणि ओटी भरायचा पहिला मान गोदाक्काला.

आजही शेलकुंडला जत्रेआधी बारव तपासतात. लाल रंगाची बादली निघते ती थेट त्या साली जत्रेचा मान ज्याच्याकडं असेल त्याच्या दारात, आणि रंग त्याच्याच संडासात ओततात. सरपंच असो, पुजारी असो, कुणाला सूट नाही. सगळं गाव पायऱ्यांवर बसतं. कुणी बोलत नाही, लहान मुलंसुद्धा नाहीत. पाणी नितळ राहिलं की हणमंताच्या वंशातला माणूस ढोलावर पहिली थाप मारतो, आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओरडतात, "दाजिबाच्या नावानं चांगभलं!"