कडब्यातली भाकरी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गाई बोलत असत, आणि त्याहून नवल म्हणजे माणसं त्यांचं ऐकूनही घेत. त्या काळी डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाभोवती जोंधळ्याची शेतं होती, म्हणून घरोघरी जोंधळ्याची भाकरी होती. सकाळी भाकरी आणि ठेचा, दुपारी भाकरी आणि आमटी, संध्याकाळी ताकातल्या कण्या, आणि कण्या नको असतील तर पुन्हा भाकरी. भात फक्त सणाला, तोही मुठीमुठीनं.

या गावात एक सासू होती. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तिच्या पणत्या अजून नांदत आहेत आणि स्वभावानं तिच्यावरच गेल्या आहेत. तिच्या हातच्या भाकरीचं गावात कौतुक होतं. कडेपासून मध्यापर्यंत सारखी थापलेली, निखाऱ्यापुढे उभी केली की टम्म फुगणारी. पापुद्रा असा अलगद सुटायचा की पोरं तेवढाच मागून घ्यायची आणि मीठ-तेल लावून पळायची.

सासूला याचा अभिमान होता. असू दे, अभिमानाला माझी हरकत नाही. पण ती वर एक वाक्य नेहमी जोडायची.

"माझ्या हातून आजवर भाकरी मोडली नाही. पहिल्या दिवशी थापली तीसुद्धा गोल."

ऐकणारे माना डोलवायचे. तिची मोडलेली भाकरी कुणी पाहिलीच नव्हती, तर बोलणार काय?

पुढे तिच्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली ती घाटाखालून, समुद्रकाठच्या गावातून. पोर हसरी होती, कामाला चपळ होती. पण तिच्या माहेरी सकाळी पेज, दुपारी भात आणि माशांचं कालवण, संध्याकाळी पुन्हा भात. जोंधळ्याच्या पिठात तिनं कधी बोटही घातलं नव्हतं. पहिले सहा महिने त्यामुळे काही अडलं नाही, कारण सासू तिला परातीपुढे बसूच देत नसे.

"राहू दे, तुला नाही जमायचं," म्हणायची आणि स्वतःच चुलीपाशी जायची. सून भाजी निवडायची, ताक घुसळायची, गोठा पाहायची.

गोठ्यात पोवळी नावाची तांबडी गाय होती. गावाची रीत अशी की तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी गाईची. ती नेऊन घालायचं काम सुनेकडे होतं. रोजच्या येण्याजाण्यानं दोघींची गट्टी जमली.

मग एके दिवशी सासू विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या आणि बजावलं, "दोन महिने या हातानं पीठ मळायचं नाही."

परात सुनेकडे आली.

सुनेनं पीठ मळलं, गोळा केला, थापला. उचलायला गेली तर अर्धी भाकरी हातात आणि अर्धी परातीत. दुसरी कशीबशी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचे तीन तुकडे झाले. सासू उंबऱ्यात बसून पाहत होती.

"असं नाही!"

"मग कसं, आत्याबाई?"

"कसं म्हणजे? थापायची आणि टाकायची. त्यात सांगायचं काय? मला कुणी शिकवलं होतं?"

सासरा भला माणूस होता. त्यानं ते तुकडे आमटीत घातले आणि म्हणाला, "कुस्करायचीच होती. तू आधीच कुस्करून दिलीस, माझे कष्ट वाचले." नवऱ्यानं आणखी मागून घेतली. पण सासूनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला कण्याच वाढ." सुनेला तेवढंच ऐकू आलं. मागून घेणाऱ्या नवऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

असे एकवीस दिवस गेले. रोज भाकरी मोडायची आणि रोज सासू कण्या मागायची. सुनेच्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत राहिलं. यांची पहिल्याच दिवशी गोल, माझी एकविसाव्या दिवशीही मोडते. म्हणजे खोट माझ्या हातातच आहे. या घरात मी कधी कुणाच्या पोटाला धड घालू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन तिला चार दिवस माहेरी न्यायला येणार होता. सुनेनं गाठोडं बांधलं. त्यात नेहमीची लुगडी घातली, आणि तळाशी लग्नातला शालूही घातला. चार दिवसांसाठी शालू कोण नेतं?

दुपारी घर निजलं तेव्हा ती पदरात भाकरीचे तुकडे घेऊन गोठ्यात गेली. पोवळीच्या गळ्यात हात टाकून ती रडू लागली.

"पोवळे, खा. आजची शेवटची. उद्या मी जाते, ती परत यायची नाही."

पोवळीनं एक तुकडा चघळला, गिळला आणि म्हणाली, "आज मीठ विसरलीस."

"तुला मिठाची पडलीय! मला जन्मात भाकरी यायची नाही. आणि आत्याबाईंची तर पहिल्या दिवशीचीसुद्धा गोल."

पोवळीचं चघळणं थांबलं. "कुणाची? छे गं! आमच्या गोठ्यात वेगळंच सांगतात."

"काय सांगतात?"

"आम्हाला लिहिता येत नाही, म्हणून गाय वासराला सगळं सांगून ठेवते. तुझी सासू नवी नवरी होती तेव्हा या दाव्याला माझी आजी होती. पहिली भाकरी गाईची, ही रीत तुझ्या सासूला भारी आवडली. मोडली की ती पहिली. एका सकाळी अशा सात पहिल्या भाकरी झाल्या. आजीचं पोट दुखायला लागलं."

सून डोळे पुसायचे विसरली.

"एक तर इतकी कडक झाली," पोवळी पुढे म्हणाली, "की आजीनंही तोंड फिरवलं. मग तुझ्या सासूनं ती कडब्याच्या गंजीत खुपसली. आजीला ती सापडली थेट उन्हाळ्यात."

"आणि आत्याबाईंची सासू?"

"तिचं माझ्या पणजीनं सांगितलंय. तीही हेच म्हणायची, पहिल्या दिवशी थापली तीसुद्धा गोल. या घरात हे वाक्य सासूकडून सुनेला दागिन्यासारखं मिळत आलंय."

सुनेला हसू फुटलं. इतके दिवस दाबून धरलेलं रडू आणि हे हसू एकदमच बाहेर पडलं, आणि तिला ते आवरेना. तेवढ्यात गोठ्याच्या दारात सावली पडली. बांधलेला हात पोटाशी धरून सासू उभी होती.

"काय झालं एवढं हसायला?"

उद्या जायचंच आहे, मग आज भ्यायचं कशाला, असं सुनेच्या मनात आलं. तिनं सरळ विचारलं, "आत्याबाई, कडब्याच्या गंजीत भाकरी कुणी लपवली होती?"

सासूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ही गोष्ट तिनं नवऱ्याला, लेकाला, देवालासुद्धा सांगितली नव्हती.

"तुला कुणी सांगितलं?"

सुनेनं पोवळीकडे पाहिलं. पोवळी जिभेनं नाक साफ करत होती, जशी काही ती कालच बाजारातून आणलेली मुकी गाय.

सासू रागावेल, असं तुम्हाला वाटलं असेल. सुनेलाही वाटलं. पण सासू गव्हाणीच्या काठावर हळूच टेकली आणि खाली पाहत म्हणाली, "मी तुला वेगळंच विचारायला आले होते. गाठोड्यात शालू कशाला घातलास?"

सुनेनं मान फिरवली आणि पोवळीची पाठ खाजवायला घेतली. सासूला उत्तर कळलं.

मग सासू म्हणाली, "किती सांगितल्या तुला? त्या सकाळच्या?"

"सात."

"नऊ झाल्या होत्या गं. नऊ."

आणि ती बोलू लागली. "मोडली की गाईला घालायचे. पुण्यही मिळायचं आणि लाजही झाकायची. घरात कुणी पाहिली नाही, मग हळूहळू मलाही वाटायला लागलं की मोडलीच नाही. माझी सासू म्हणायची तिची पहिल्या दिवशी गोल, आणि मी परसात जाऊन रडायचे. ते रडू विसरले बघ मी. तिचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं आणि तुला ऐकवलं."

तिनं डावा हात पुढे केला, सुनेच्या पदरातला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. एकवीस दिवसांत पहिल्यांदा.

"मीठ विसरलीस," ती म्हणाली. दावणीला पोवळीनं कान हलवला.

"पण पोरी, खोट तुझ्या हातात नाही. पीठ जुनं झालंय, त्याची विरी गेलीय. ते गार पाण्यानं धरून राहत नाही. आधण घालून मळायचं असतं. मला शेजारच्या म्हातारीनं गुपचूप सांगितलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कळलं असतं की मलाही कुणीतरी सांगावं लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. "दादा, आधी जेवून घे," सून म्हणाली आणि परातीपुढे बसली. शेजारी सासू बसली आणि डाव्या हातानं तिनं पिठावर कढत पाणी ओतलं. सुनेनं मळलं, थापलं, उचललं.

पहिली भाकरी मोडली.

सवयीनं सून ती गाईसाठी बाजूला ठेवू लागली, तर सासूनं हात धरला. "थांब. आण इकडे. ही माझी." आणि ते तुकडे तिनं सगळ्यांदेखत आपल्या ताटात घेतले. दुसरी भाकरी कडेला चिरली, पण अखंड राहिली. तिसरी एका बाजूनं थोडी फुगली. सासऱ्यानं ती दोन्ही हातांत घेऊन फिरवून फिरवून पाहिली, आणि नवरा चुलीकडे बघून हसत राहिला. भाऊ मात्र घाटाखालचा. त्यानं जेवून झाल्यावर भात आहे का, म्हणून विचारलं.

सून माहेरी गेली, पण शालू गाठोड्यातून पुन्हा पेटीत गेला. पाचव्या दिवशी ती सुके मासे आणि आमसुलं घेऊन परत आली. सासूनं माशांच्या वासाला नाक मुरडलं आणि आमसुलाचं सार दोनदा मागून घेतलं.

वर्षं गेली. सुनेच्या भाकरीचंही गावात कौतुक झालं, आणि एक दिवस तिच्या घरीही सून आली. त्या पोरीची पहिली भाकरी मोडली आणि तिनं ती घाईनं पदराखाली लपवली.

"लपवू नको गं," आता स्वतः सासू झालेली ती म्हणाली. "आण, ही माझी. माझ्या सासूच्या एका सकाळी नऊ मोडल्या होत्या. माझ्या किती मोडल्या ते गोठ्यात विचार."

तेव्हापासून त्या गावात नव्या सुनेची पहिली भाकरी सासूच्या ताटात पडते, आणि गाईला दुसरी जाते. गाईंना हे आधी आवडलं नाही. पण दुसरी भाकरी जरा बरी असते, म्हणून त्या गप्प बसल्या.

शिकणाऱ्याला आपली गोल भाकरी दाखवण्याआधी आपली मोडलेली भाकरी सांगावी.