हैबतरावांचे झगझगीत दिवे

"कुंदाचं गॅरेज जाणार म्हणे, हैबतरावांच्या गाडीच्या दिव्यांपायी, आणि…" एवढं मालनकाकूंच्या कानावर पडलं आणि मेली गिरणी सुरू झाली. पुढचं ऐकू येईना. दळण तिथंच ठेवून काकू तडक शेजारच्या गॅरेजात. चौकशी नको का करायला?

दिवेलागण झाली होती. साखर कारखान्याचे संचालक आणि त्या गाळ्याचे मालक हैबतराव आपल्या लालभडक स्पोर्ट्स कारपाशी उभे होते.

"कुंदे, याहून झगझगीत बल्ब बसव. कोण येतंय ते लोकांना लांबूनच कळलं पाहिजे!"

"साहेब, समोरच्याचे डोळे दिपतील."

"दिपू देत! जमत नसेल तर उद्या गाळा रिकामा कर."

कुंदाने नवे बल्ब बसवले. मग साहेबांना समोर रस्त्यावर उभं केलं, काकूंना गाडीत बसवलं आणि बटण दाबायला सांगितलं.

हैबतरावांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"कोण येतंय, साहेब?" कुंदाने अदबीने विचारलं.

"कोण येतंय काय! डोंबल दिसतंय मला!"

"तेच म्हणते मी. गाडी कोटीची, पण समोरून ही काय आणि उसाचा ट्रॅक्टर काय, लोकांना सारखंच. आत्ता आत पिठाच्या हातांनी मालनकाकू बसल्यात. उद्या तुम्ही बसलात, तरी कुणाला फरक कळायचा नाही."

हैबतरावांनी डोळे चोळले. मग घसा खाकरून म्हणाले, "आधीचेच लाव."

काकू गिरणीत परतल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "दिव्यांचं खरंय गं बायांनो. गॅरेजचं मात्र साफ खोटं!"