फक्कीचा आराखडा

“म्हणजे हरकत कुणाचीच नाही?”

गोदूअक्कांनी झाडू न थांबवता विचारलं.

“एकही नाही,” हेरंब म्हणाला. “तीस दिवस नकाशा नगरपरिषदेच्या फलकावर होता. पेपरात जाहीर सूचना आली. हरकती लेखी, तीन प्रतींत द्याव्यात, असं स्पष्ट छापलं होतं. एक कागद आला नाही, अक्का. सगळं गाव माझ्या बाजूने आहे.”

“नकाशा बघितला कुणी?”

“सगळ्यांनी.”

“त्यांना बघताना तू बघितलंस?”

...

हेरंबने उजव्या काखेतली नकाशाची गुंडाळी डाव्या काखेत घेतली.

आंबेसर तसं लहान गाव, पण नगरपरिषद झाल्यापासून स्वतःला शहर म्हणवून घ्यायला लागलेलं. तळ्याकाठी जुन्या गुजरीचं पटांगण होतं. बाजार उठून नव्या मंडईत गेला त्याला वीस वर्षं झाली, नाव मात्र जागेवरच राहिलं. तिथे बाग करायचं ठरलं आणि आराखड्यासाठी गावचाच मुलगा मिळाला. हेरंब ओतूरकर, पुण्याहून नगररचना शिकून आलेला. सोमवारी सभा होती. सभेने मान्यता दिली की मंगळवारी भिंतीचा पाया खणायला घ्यायचा होता. पहिलंच काम, तेही आपल्या गावात! त्याला इतका आनंद झाला होता की दर दोन वाक्यांनी ‘माझी बाग’ आल्याशिवाय राहत नव्हती.

पटांगणाच्या कडेला अक्कांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक चाफा. अक्का रोज सकाळी मठाबरोबर अर्धं पटांगणही झाडत. हेरंबला पहिलं अक्षर त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तो पाया पडायला आला होता. खरं सांगायचं तर थोडं कौतुक करून घ्यायलाही आला होता.

“उलगड,” अक्का म्हणाल्या.

त्याने ओट्यावर नकाशा पसरला. अक्कांनी तो एकदा सुलटा पाहिला, मग पलीकडे जाऊन उलटा पाहिला.

“यात मी कुठे?”

“हा काय मठ. इथे.”

“सकाळी सहाला मी मठात असते?”

“नाही. झाडत असता.”

“मग झाडणारी कुठे?”

हेरंब हसला. “माणसं नकाशात दाखवत नाहीत, अक्का.”

“मला नाही कळत बाबा हा कागद. जमिनीवर काढ.”

“हा एकास दोनशेच्या प्रमाणात आहे. कागदावर एक वीत म्हणजे जमिनीवर दोनशे विती.”

“मग दोनशे काढ की. जागा आहे.”

हेरंब पुन्हा हसला. अक्का हसल्या नाहीत.

“तुला अक्षरं कशावर शिकवली होती?”

“धुळीत. या ओट्याखालीच.”

“का?”

“पाटी नव्हती म्हणून.”

“पाटी होती.”

...

“मग धुळीत का?”

अक्का पुन्हा झाडायला लागल्या होत्या.

शुक्रवारी दिवसभर हेरंब पटांगणात राबला. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. तालमीतून कबड्डीचं मैदान आखायची फक्की मागून आणली आणि त्या पांढऱ्या भुकटीने सगळा आराखडा जसाच्या तसा जमिनीवर काढला. चारी बाजूंनी भिंत. रस्त्याकडे कमानीचं एकच दार. आतल्या वाटा, बारा बाकं आणि मधोमध कारंजं. कारंज्याचं वर्तुळ काढायला त्याला अख्खा तास लागला. ते काढून झाल्यावर तो लांब जाऊन उभा राहिला आणि स्वतःवरच खूश झाला. मग त्याने तालमीतलं टेबल आणून मांडलं, टेबलावर कोरी वही ठेवली आणि वर पाटी लावली : ‘हरकती व सूचना येथे नोंदवाव्यात.’

शनिवारी सकाळी यमुनाबाई लोंढे डोक्यावर कोथिंबिरीची टोपली घेऊन कुंभारवाड्यातून निघाल्या. गेली वीस वर्षं त्या पटांगण तिरकं कापून मंडईत जात. फक्कीच्या पहिल्या रेषेशी त्या थबकल्या.

“हे काय रे बाबा?”

“भिंत आहे, यमुनाबाई,” हेरंब अभिमानाने म्हणाला.

“अगं बाई! मग मी जाऊ कुठनं?”

“तिकडून. कमानीतून.”

यमुनाबाईंनी कमानीकडे पाहिलं, टोपली सावरली आणि सरळ भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या. रेषेवर पाऊल पडू दिलं नाही. तळ्यावर दात घासत बसलेल्यांना ही गंमत भलतीच आवडली. दहाबारा जण त्यांच्या मागे लागले आणि मोठमोठ्याने पावलं मोजू लागले. कमानीशी कुणीतरी नसलेलं दार करकर आवाज काढत उघडून दिलं. यमुनाबाई वाकून आत शिरल्या, पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकल्या आणि तिथून परत फिरल्या.

“तीनशे बारा!” मागून गजर झाला.

यमुनाबाईंना धाप लागली होती, पण हसू थांबत नव्हतं. पहिल्या जागी येऊन त्यांनी पायाने रेषा घासली, टोपलीच्या रुंदीएवढी.

“भाऊ, मला एवढं दार पुरे.”

“अहो, पुसू नका! वहीत लिहा ना!”

“मला कुठं लिव्हता येतंय?” असं म्हणून त्या त्याच दारातून आत शिरल्या आणि मंडईकडची रेषाही तेवढीच घासून निघून गेल्या.

हेरंबने दोन्ही जागी परत फक्की ओढली. वळून बघतो तर निवृत्त पोस्टमन इस्माईलचाचा एका बाकाच्या चौकोनात मांडी घालून बसले होते.

“बेटा, याची पाठ तळ्याकडे का?”

“तोंड कारंज्याकडे आहे, चाचा.”

“तळं असताना नळाचं पाणी बघत बसू होय मी?” चाचा उठले, चपलेने रेषा पुसली आणि काठीने बाक फिरवून घेतलं. मग तळ्याकडे तोंड करून असे ऐसपैस बसले, की जणू मागे खरीच पाठ होती.

दुपारपर्यंत गाव लोटलं. कुणी नसलेल्या भिंतीवर नसलेले कपडे वाळत घातले. कुणी वाटेवरून जाताना समोरच्याला ‘डाव्या बाजूने चला’ म्हणून दटावलं. कुंभारवाड्याच्या बाजूची भिंत हेरंबने तीनदा काढली आणि ती तीनदा पुसली गेली, दर वेळी त्याच जागी. आता ते दार दोन टोपल्यांएवढं झालं होतं. टेबलावरची वही कोरीच होती. तिच्यावर कुणीतरी पेरू कापून ठेवले होते.

हेरंबला रडू यायचंच बाकी होतं. फक्कीचा डबा हातात घेऊन तो तणतणत मठात गेला.

“अक्का, माझ्या आराखड्याची थट्टा चाललीय! सगळे पुसताहेत.”

“हरकती किती आल्या?”

“एकही नाही! वहीत एक ओळ नाही!”

अक्कांनी पटांगणाकडे पाहिलं.

...

हेरंबने मागे वळून पटांगणाकडे पाहिलं. दोन टोपल्यांचं दार. फिरवलेली बाकं. तळ्याकडे नव्याने पडलेली एक पायवाट. त्याचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्या जागी आधी लाज आली, मग हसू आलं.

अक्कांनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि झाडू दिला.

“पूस.”

“काय पुसू? त्यांनी पुसलंच आहे सगळं.”

“तुझ्याच्याने जे पुसवत नाही, ते.”

हेरंब झाडू घेऊन पटांगणात आला. ऊन कलतं झालं होतं. नवरात्राचे दिवस होते, हादग्यासाठी बायका आणि पोरी जमल्या होत्या. एकीच्या हातात हत्ती काढलेला पाट, दुसरीच्या हातात खिरापतीचा डबा. हादग्याचा फेर दरवर्षी पटांगणाच्या मधोमध व्हायचा. आज तिथे कारंज्याचं वर्तुळ होतं. सगळं गाव सकाळपासून रेषा पुसत होतं, पण त्या एका वर्तुळाला कुणीही पाय लावला नव्हता. ते फार सुंदर आलं होतं ना!

“भाऊ,” पाट घेतलेली म्हणाली, “आम्ही पलीकडे खेळू का? तुमचं कारंजं मोडायचं उगाच.”

पुण्यात असताना याच कारंज्याचं चित्र हेरंबने खोलीतल्या भिंतीवर लावलं होतं.

त्याने वर्तुळाला झाडू लावला.

अर्धं पुसून झालं तेव्हा बायकांच्या लक्षात आलं आणि एकच गलका उठला. उरलेलं अर्धं त्यांनीच पायांनी उडवलं. पांढरा धुरळा उठला. त्यात पाट मांडला गेला, फेर धरला गेला, गाणी सुरू झाली. यमुनाबाई रिकामी टोपली कडेला टाकून फेरात घुसल्या. हेरंब नखशिखांत पांढरा होऊन उभा होता. त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

गाणी संपल्यावर बायकांनी त्याच्यापुढे खिरापतीचा डबा धरला. झाकण बंद. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही.

“वाटली डाळ.”

“नाही!”

“भडंग?”

“नाही!”

“करंज्या? चिवडा? साखरखोबरं?”

दर नाहीला हशा वाढत गेला. शेवटी त्याने हात जोडले.

“हरलो. सांगा आता काय आहे ते.”

“असं विचारा की!” यमुनाबाई म्हणाल्या आणि त्याच्या तळहातावर उकडलेल्या शेंगा ठेवल्या.

रविवारी हेरंबने नव्याने मापं घेतली. पटांगणावर जे उरलं होतं आणि जे पुसलं गेलं होतं, ते सगळं कागदावर उतरवलं. टेप धरायला यमुनाबाई होत्या. खुंटीशी उभे राहून इस्माईलचाचा बारीकसारीक सूचना करत होते. त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या उलट होत्या. दोन बाकांवरून तर दिवसभर वाद चालला आणि संध्याकाळी मिटला.

सोमवारी सकाळी नकाशा सभेला निघाला. पण तो कुणी गुंडाळू देईना. आपलं दार आहे का, आपलं बाक कुठे आलं, हे ज्याला त्याला बघायचं होतं. शेवटी चार जणांनी चार कोपरे धरले आणि वाळवणाची चादर आत न्यावी तसा तो उघडाच निघाला. मागे अर्धं गाव चाललं होतं. हेरंब सगळ्यांत शेवटी होता, दोन्ही हात मोकळे.

मठापाशी मिरवणूक थांबली. अक्का झाडू टेकवून पुढे आल्या. त्यांनी नकाशावर नजर फिरवली. मधोमध कारंज्याच्या जागी काहीच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं ‘मोकळी जागा’. मठासमोर एक अगदी बारीक ठिपका होता, त्याच्या हातात त्याहून बारीक रेघ.

“हे काय?”

“तुम्ही. सकाळी सहाच्या.”

अक्का मनापासून हसल्या. चार कोपऱ्यांची माणसंही हसली आणि कागद मध्येच हेलकावला.

हेरंब त्यांच्या पाया पडला. उठला, पण हलला नाही.

“अक्का, एक विचारू?”

“विचार.”

“पाटी होती ना घरात? मग मला धुळीत का शिकवलंत?”

अक्कांनी चार हातांनी धरलेल्या त्या कागदाकडे पाहिलं.

...

“पाटी तू एकटाच मांडीवर घेऊन बसला असतास.”