दोनदा भाजलेलं

हिरडगावचे राजेसाहेब पॅरिसला जाऊन आले आणि त्यांना फ्रेंच शब्दांवाचून घास गिळवेना. जाण्याआधी त्यांनी सगुणाबाई सामंतांना तुरुंगात टाकलं होतं, कारण बाईंनी हुकूम मोडून मुलींची शाळा चालवली होती. बाई सुटल्या आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा शाळा उघडून बसल्या. मग काय, भर दरबारात बोलावणं आलं.

दिवाणांनी अटकेचा हुकूम सहीसाठी तयार ठेवला होता. राजेसाहेबांनी चहासोबतचं बिस्किट उचलून बाईंना दाखवलं.

“बाई, ‘बिस्किट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ठाऊक आहे? दोनदा भाजलेलं! शाळा बंद करा, नाहीतर तुम्हालाही पुन्हा भट्टीत घालू.”

मागे उभा असलेला बाईंचा भाऊ हात जोडून ‘हो म्हण’ अशा खुणा करत होता.

बाईंनी पदर सावरला.

“अर्थ बरोबर आहे, सरकार. पण दोनदा का भाजतात, ते सांगायचं राहिलं. तुमच्या तुरुंगात मला पावाच्या भट्टीवरच काम होतं. एकदा भाजलेला पाव चार दिवसांत बुरसतो. म्हणून त्याच्या चकत्या कापून पुन्हा भट्टीत घालतात. मग तो महिनोन्‌महिने टिकतो आणि चावणाऱ्याचे दात हलतात. पहिल्या खेपेला मी जरा मऊच बाहेर आले. सरकारांची मर्जी असेल, तर घाला पुन्हा.”

राजेसाहेबांनी तोंडापर्यंत नेलेलं बिस्किट तसंच बशीत ठेवलं, आणि दिवाणांनी पुढे केलेली लेखणी बाजूला सारली.