पोपटपंची

पोपट माणसांशी मनातलं बोलत, त्या काळातली ही गोष्ट. मंदाकिनी मास्तरीणबाईंचा पोपट अवघड इंग्रजी शब्द धडाधड म्हणायचा. एकदा बाई हसून म्हणाल्या, “नुसती पोपटपंची!” ते त्याला फार लागलं.

फळीवरचा जुना शब्दकोश म्हणाला, “रुसतोस काय? रोज एक शब्द घे. मी अर्थ सांगतो, तू तो तुझ्या भाषेत सांग. माझंच वाक्य परत ऐकवलंस, तर उद्या पुन्हा तोच शब्द.”

पहिला शब्द निघाला ‘ॲब्स्काँड’. तीन दिवसांनी पोपट म्हणाला, “पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं की मी करीन, ते.” शब्दकोश खूश झाला.

वर्षभरानं शब्दकोशाला वाळवी लागली. बाईंनी ‘बेनिफॅक्टर’ बघायला तो उघडला, तर पानाची चाळण झालेली. “आता रद्दीतच,” म्हणत त्या पोपटाला पेरू द्यायला वळल्या. दार उघडताच पोपट निसटला. खिडकी उघडी होती, पण तो शब्दकोशावर जाऊन बसला.

“बाई, बेनिफॅक्टर म्हणजे ज्यानं आपल्याला बोलतं केलं आणि उपकार कधी बोलून दाखवले नाहीत, तो. मी त्याच्यावरच बसलोय.”

बाईंनी पानापानांत कडुनिंबाचा पाला घातला आणि शब्दकोश फळीवर ठेवला. पिंजऱ्याचं दार मात्र त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही.