शास्त्रीबुवा आणि पाखरांचं पुस्तक

दगडावर अक्षरं उमटवून पुस्तकं छापत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका शहरात रस्त्याच्या अलीकडे एक छापखाना होता आणि पलीकडे दुसरा.

पलीकडच्या मालकाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, 'आमचे पुस्तक थोर विद्वानांनी नावाजले आहे.' लोक तिकडे लोटले. अलीकडच्या मालकाने मोठ्या हौसेने पाखरांवर एक पुस्तक काढलं होतं. त्याच्या थप्प्या तशाच पडून राहिल्या. शेवटी त्यानेही जाहिरात दिली. लांबच्या गावचे एक व्याकरणाचे शास्त्रीबुवा नुकतेच वारले होते. त्यांचं नाव घालून त्याने छापलं, 'असे गोड पुस्तक आम्ही दुसरे वाचले नाही.' मेलेला माणूस तक्रार करायला थोडाच येणार?

पुस्तक खपू लागलं.

एके दिवशी विधवेचं लाल आलवण नेसलेली एक म्हातारी बैलगाडीतून उतरली. ती शास्त्रीबुवांची बायको होती.

"शेजाऱ्यांनी जाहिरात वाचून दाखवली," ती म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, पण यांना पाखरं आवडतात हे मला कधी कळलंच नाही. कोणतं पाखरू आवडलं होतं हो त्यांना? तेवढं वाचून दाखवा."

मालकाने पुस्तक उघडलं. बुलबुलाचं पान समोर आलं. नुसतं 'बुलबुल' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण म्हातारी ऐकायला पुढे सरकून बसली होती. त्याने पुस्तक मिटलं.

"आई, त्यांनी हे पुस्तक पाहिलंही नव्हतं. ते शब्द माझे आहेत."

म्हातारी हळूच उठली. मग म्हणाली, "वाटलं होतं, त्यांचं एखादं बोलणं ऐकायचं राहिलंय." आणि ती गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी मालकाने आपला खोटेपणा वर्तमानपत्रात कबूल केला. पलीकडच्याने तो कागद कापून आपल्या दारावर डकवला. इकडची विक्री बसली. पुष्कळ पुस्तकं रद्दीत गेली. मालकाने ते निमूटपणे सोसलं.

पण पुढे कोणी एखादं पुस्तक दाखवून विचारलं, "हे पुस्तक कसं आहे?" तर तो सांगे, "सुरुवात चांगली आहे, शेवट रेंगाळतो." हळूहळू पलीकडचं पुस्तक घ्यायचं असलं तरी लोक आधी रस्ता ओलांडून त्याला विचारायला येऊ लागले. चांगलं असलं, तर तो चांगलंच म्हणे.

तात्पर्य एवढंच: खोट्या स्तुतीने माल खपतो, पण ती खरी मानून कोणीतरी लांबून येत असतं, याचं भान ठेवावं.