आपल्या झाडाला पाणी घालू नये

दारावरची पाटी वाचलीत ना? ‘आपल्या झाडाला पाणी घालू नये.’ पाहुणे हसतात, म्हणतात, ही कुठली उलटी गंगा! खुशाल हसा, पण आधी या सावलीत टेका. सांगतो.

मागपेठेची ही बाग पेठेइतकीच जुनी. पोटासाठी चार मुलखांतली माणसं इथं मागावर आली, आणि येताना प्रत्येकानं गावाकडचं एक झाड आणलं म्हणे. तेलंगणातल्या पद्मशाल्यांनी तरवड, मोमिनांनी मेंदी, लिंगायतांनी बेल, मारवाड्यांनी खेजडी. सगळ्यांची राखण बायजाकडे. हाडाची माळीण, तोंडानं फटकळ, केसात रोज ताजं फूल.

एका वर्षी पाऊस रुसला. विहिरीनं तळ दाखवला. बायजा दर झाडाला तांब्याभर पाणी घाली, तरी तरवड वाळत चालला. अहो, तरवड म्हणजे उजाड माळावर तगणारं झुडूप, ते वाळावं? ते नरसय्या विणकराच्या आईनं लावलेलं. त्याच्या फुलांशिवाय पद्मशाल्यांच्या बायकांची बतकम्मा, नवरात्रात पुजायची ती फुलांची देवी, मांडली जात नाही. नरसय्यानं आळ घेतला तो मोमिनांच्या जैनबबीवर. तिच्या घरी सूत रंगवायचं काम. “हिनंच रंगाचं पाणी ओतलं!” झालं, पेठ पेटली. जो तो म्हणू लागला, उपटा आपापलं झाड नि न्या आपापल्या आळीत. ऐन उन्हाळ्यात उपटलेलं झाड जगतंय होय!

बायजा तरवडापाशी बसली आणि बुंध्याची माती उकरू लागली. माती बोटांना चिकटली. खळ! विणण्याआधी सुताला लावतात ती. पाणी मिळेना म्हणून नरसय्या उरलेली खळ रोज गुपचूप आपल्या झाडाला घालत होता.

“मेल्या, तुझ्याच मायेनं गुदमरलं की रे ते!” बायजा म्हणाली. नरसय्यानं मान खाली घालून कबुली दिली.

मग ती सगळ्यांकडे वळली. “आजपासून आपल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्याचं सांभाळा. आणि या तरवडाला फूल येईस्तोवर मी केसात फूल माळणार नाही.”

तरवड तिनं सोपवला जैनबबीला. “माझ्यावर आळ घेतला, त्याचं झाड मी जगवू?” ती फणकारली. तिचंही खरंच होतं. पण तेवढ्यात खेजडी उपटायला कुणी कुदळ घेऊन आलेला तिला दिसला. तिनं तांब्या उचलला, नरसय्यासमोर गेली आणि विचारलं, “किती घालू?”

त्याला मान वर करवेना. “ओंजळभर पुरे, बीबी. जास्त सोसत नाही त्याला. ठाऊक होतं मला, तरी...”

कुदळवाला परत गेला. तरवडाच्या मुळाशी नवी माती पडली. दोन नवरात्रं कोरडी गेली, असं सांगतात. तिसऱ्याला फूल आलं, पिवळंधमक, एकच. जैनबबीनं ते खुडून नरसय्याच्या बायकोला दिलं, बतकम्मेसाठी. आणि त्या बाईनं ते नेऊन बायजाच्या पिकल्या अंबाड्यात खोवलं. बायजा ओरडली, “अगं, देवीचं ना ते?” मग मात्र तिला रडू आवरेना.

आजही इथं जो तो दुसऱ्याचं झाड सांभाळतो, आणि पाणी घालण्याआधी विचारतो, किती घालू? तुम्हालाही हौस असेल तर तांब्या तिथं आहे. मेंदीवाल्यांची सून त्या बाकावर बसलीय, आधी तिला विचारून या.